वाचकांचे प्रश्न : मुक्काम वाढला की फोटो कमी होतात

(मागच्या अंकात आम्ही ट्रोम्सो आणि दारव्हा या दोन ठिकाणच्या फोटोंची मालिका छापली होती. ते फोटो काढणाऱ्या ताई नॉर्वेच्या उत्तर टोकाला १४ वर्षं राहिल्या आणि २०२१ पासून दारव्हा तालुक्यात, माहेरच्या गावी राहतात. आलेल्या पत्रांपैकी काहींना त्यांनी उत्तरं दिली आहेत. – संपादक)

ताई, मी मोबाइलवर फोटो काढतो. पण गावात राहून गावात काहीच दिसत नाही. तुम्ही इतकी वर्षं बाहेर राहिल्या म्हणून तुम्हाला नजर आली का? मग मी काय करू, पासपोर्ट काढू?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, दिग्रस

पासपोर्ट काढून ठेव, कामी येईल. नजरेसाठी मात्र नको.

माझं कसं झालं ते सांगते. २००७च्या ऑक्टोबरात मी ट्रोम्सोला उतरले. नवऱ्याला तिथं माशांवरच्या संशोधनाचं काम मिळालं होतं, मला काहीच मिळालं नव्हतं. एका हॉटेलात भांडी घासायला लागले आणि पहिल्या पगारात जुना कॅमेरा घेतला. त्या एका हिवाळ्यात मी ९००० फोटो काढले. आभाळातला हिरवा उजेड, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स, बर्फ, लाल लाकडी घरं, पुन्हा हिरवा उजेड. निवडक शंभर घरी पाठवले. आई फोनवर म्हणाली, "मस्त हायेत वं. पण थ्या गावात माणसं नाईत काय?"

तिला वाटलं गाव ओसाड आहे. मला राग आला, कारण उत्तर नव्हतं.

तिसऱ्या हिवाळ्यात कॅमेरा पिशवीतच राहायला लागला. हिरवा उजेड दिसला तरी मी पोळ्या टाकायचं थांबवत नव्हते. आता आपलं फोटो काढणं संपलं असं वाटलं, आणि मग हळूहळू दुसरं दिसायला लागलं. शेजारची म्हातारी रोज दारापुढच्या बर्फावर बारीक खडी टाकायची, आधी स्वतःच्या आणि मग न सांगता आमच्याही. पोरांच्या जाकिटांना चकाकणाऱ्या पट्ट्या लटकवलेल्या असायच्या, अंधारात गाडीवाल्याला दिसाव्या म्हणून. पोर दिसायचं नाही, गुडघ्याच्या उंचीवर एक ठिपका उड्या मारत जायचा. त्या हिवाळ्यात माझे जेमतेम ३०० फोटो झाले. पण ते पाहून आईनं विचारलं, "हे बुढी कोन होय?" म्हणजे काहीतरी जमलं होतं.

तिथं नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य जातो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजाच्या वर येत नाही. गावाला डोंगर आडवे, म्हणून खरा दिसतो तो २१ जानेवारीच्या सुमारास. त्या दिवशी सगळं गाव सूलबोल्लर नावाचे तळलेले गोड गोळे खातं आणि शाळेची पोरं सूर्य पाहायला बाहेर काढतात. पहिली चार वर्षं मी सूर्याचे फोटो काढले. पाचव्या वर्षी मला पाठ झालं होतं की तो कोणत्या खिंडीतून निघतो, किती मिनिटं थांबतो आणि त्याआधी कोणती बाई कोणत्या पायरीवर येऊन उभी राहते. मग मी त्या पायरीसमोर जाऊन थांबले. एका वर्षी ढग होते, सूर्य आलाच नाही. लोकांनी गोळे खाल्ले आणि कामाला गेले. तो फोटो माझा सगळ्यात आवडता आहे. तो विकला मात्र कधी गेला नाही.

नवखा माणूस जे घडलं त्याचा फोटो काढतो. मुक्कामी माणसाला पुढं काय घडणार ते ठाऊक असतं, म्हणून तो आधीच जाऊन उभा राहतो. मला ही शहाणीव यायला १४ वर्षं आणि विमानाची तिकिटं लागली. तुझ्याकडं ती आताच आहे, फक्त तू ती कधी वापरली नाहीस. दिग्रसच्या स्टँडवर पहिली एसटी कोण धुतं, चहावाला पहिला कप कोणाला देतो, हे तुला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. नाहीतर असं कर, एक रात्र कोणाच्या तरी जागलीवर जा. रोही आणि रानडुकरं हाकलायला माणूस मचाणावर रात्रभर काय करतो, ते त्या रात्री बस आणि पाहा. फोटो दहाच काढ. फोनची बॅटरी तशीही तेवढीच पुरेल.

आपल्या फोटोंत भर दुपारचे फोटो खूप आहेत. आम्ही तर शिकलो की सकाळ-संध्याकाळच फोटोची वेळ. विदर्भातल्या दुपारी कॅमेऱ्यासमोर सगळं पांढरंफटक होतं. हे परदेशी तंत्र आहे का?
– निवृत्त शिक्षक, वणी

सर, तंत्र वगैरे काही नाही, नाइलाज होता. तो ट्रोम्सोत सुरू झाला.

ट्रोम्सो साडेएकोणसत्तर अक्षांशावर आहे आणि आपलं दारव्हा वीसच्या थोडं वर. तिथं २१ जूनच्या दुपारी, म्हणजे वर्षातला सूर्य सगळ्यात उंच असताना, तो ४४ अंशांवर असतो. आपल्याकडं डिसेंबरात, वर्षातल्या सगळ्यात खालच्या दुपारी, ४६. म्हणजे आपला कडाक्याच्या थंडीतला सूर्यसुद्धा त्यांच्या भर उन्हाळ्यातल्या सूर्याहून वर. हे गणित मी एकदा कागदावर मांडलं आणि मला हसू आलं, कारण फोटोच्या सगळ्या पुस्तकांत 'दुपारी फोटो काढू नका' लिहिलेलं असतं. ट्रोम्सोत जूनमध्ये रात्री बारालाही ऊन असतं, आणि डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजाखाली ३ अंशांवर. तेव्हा नुसता निळा उजेड मिळतो, दोन-तीन तास, आकाश आणि बर्फ एकाच रंगाचे. पुस्तकातली वेळ तिथं लागूच होत नाही. मिळेल त्या उजेडात काम करायची सवय लागली.

परत आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी पुन्हा सकाळी साडेपाचला कॅमेरा घेऊन निघायला लागले. वावरात कोणी नाही. म्हणजे लोक होते, पण सकाळी सहाला माणूस घाईत असतो, बोलायला मोकळा नसतो. आपल्याकडं माणसं मोकळी असतात दुपारी बारा ते चार, आणि ती असतात घरात. २१ मेच्या आसपास दुपारी आपल्याकडं उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अंगणात पांढरंफटकच होणार, सर, तुमचं बरोबर आहे. पण त्याच वेळी कवेलूच्या घरात जाऊन पाहा. छपरात एखादं काचेचं कवेलू बसवलेलं असतं, त्यातून उन्हाचा खांब सरळ जमिनीवर येतो. शेणानं सारवलेली जमीन तो उजेड फारसा परतवत नाही, पण चुन्याची भिंत परतवते. खाटेवर पडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर खालून-बाजूनं मऊ उजेड येतो. आमच्या घरी तो खांब साडेबाराला जात्यावर असतो आणि दीडला आजीच्या पेटीवर. एवढा चांगला उजेड मला नॉर्वेत पैसे देऊन मिळाला नसता.

हल्ली टिनाची घरं वाढली. दुपारी त्यांत बसवत नाही, आणि फोटोही निघत नाही. पण पाऊस गळत नाही, माकडांनी कवेलू फोडायची भानगड नाही. त्यामुळं 'जुनं घर पाडू नका' असं मी कोणाला सांगत नाही.

आमच्या गावात कॅमेरेवाले येतात. विदर्भ म्हटलं की त्यांना रडकी बाई, भेगाळलेली जमीन आणि फोटोला हार घातलेली भिंत पाहिजे. तुम्ही बाहेर राहून आलेल्या, तुम्हाला तरी हे खटकते का, की तुम्हीही त्यातल्याच?
– शेतकरी महिला, घाटंजी तालुका

ताई, मी त्यातलीच होते. आता सांगूनच टाकते.

२०१५ साली एप्रिलमध्ये मी महिनाभर गावी आले होते. आठ वर्षं बाहेर झालेली. आमच्या वावरालगत चुलत काकूचं वावर आहे. कापसाची पऱ्हाटी उपटून झाली होती, नांगरणी बाकी होती, आणि जमिनीला हातभर भेगा. काकू धुऱ्यावर बसली होती, मान खाली, एक हात पायावर. मागं पांढरं आभाळ. मी पन्नास पावलांवरून तीन फोटो काढले आणि निघून गेले. तो फोटो परदेशातल्या एका मासिकानं ३००० क्रोनरला घेतला. त्याखाली त्यांनी दुष्काळाबद्दल आणि हरलेल्या बाईबद्दल दोन ओळी लिहिल्या. मी वाचल्या आणि काही बोलले नाही.

आता ही गोष्ट तुम्हाला सांगायची गरज नाही, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटतेच. तिच्यात जी चिकणमाती असते ती पाण्यानं फुगते आणि सुकली की आकसते. दर वर्षी, पीक बुडालेलं असो की भरघोस आलेलं. पहिला पाऊस त्याच भेगांतून खाली उतरतो. भेगा म्हणजे दुष्काळ नव्हे, भेगा म्हणजे एप्रिल. मी शेतकऱ्याची पोर, मला हे चौथीपासून माहीत. आणि तरी त्या दिवशी कॅमेऱ्यातून पाहताना मला तिथं दुष्काळच दिसला. आठ वर्षं ज्यांच्यात राहिले ते विदर्भाबद्दल जे वाचायचे, तेच मी त्यांच्या डोळ्यांनी पाहून आले. बाहेर राहिल्यानं नजर येते म्हणतात ना, तर ती अशीही येते.

तो फोटो फिरत फिरत काकूच्या पुण्यातल्या भाच्याच्या मोबाइलवर आला आणि तिथून तिच्याकडं. पुढच्या वेळी आले तेव्हा ती म्हणाली, "माय, तू तं मले पार रडवलं थ्या फोटोत. मी तं काटा काढून राह्यली होती."

बाभळीचा काटा. चप्पल फोडून आत गेलेला. तिला त्याच दिवशी संध्याकाळी लग्नाला जायचं होतं.

मी पैसे द्यायला गेले. ती म्हणाली, "मले कायले देतं? काट्याले दे, थ्यानंच कमावले." सगळा वाडा हसला. मीही हसले, पण रात्री झोप लागली नाही.

मला जास्त लाज याची वाटली की नॉर्वेत मी असं वागले नसते. तिथं पहिल्याच वर्षी मला धडा मिळाला होता. रेनडियर पाळणारे सामी लोक आहेत, त्यांतल्या एकाला मी गप्पा वाढवायच्या म्हणून विचारलं, तुमची जनावरं किती? तो म्हणाला, "झाडाच्या या बाजूलाही आहेत, त्या बाजूलाही." नंतर कोणीतरी बाजूला घेऊन सांगितलं, हे विचारणं म्हणजे बँकेत किती आहेत असं विचारणं. मला एकदम बाबा आठवले. कोणी विचारलं, कापूस किती झाला, तर बाबा म्हणायचे, "झाला बाप्पा, बरा झाला." क्विंटलचा आकडा त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. इतकं साधं होतं, पण सामी माणसाचं मला कळलं आणि काकूचं नाही.

दुसरा एक प्रसंग. लोफोटेन बेटांवर जानेवारी ते एप्रिल कॉड मासा येतो. लाकडी मांडवांवर तो जोडीजोडीनं टांगतात, मीठ लावत नाहीत, फेब्रुवारीपासून मेपर्यंत गार वाऱ्यावर वाळतो. मुंडकी वेगळी होतात, आणि त्या मुंडक्यांतल्या जिभा कापायचं काम पोरांचं. दहा-बारा वर्षांची पोरं, हातात धारदार सुरी, समोर मुंडक्यांचा ढीग. मी पहिल्यांदा गेले तेव्हा असे फोटो काढले की कोणालाही ती मजुरीला जुंपलेली पोरं वाटावी. चौथ्या वर्षी एका पोराशी बोलायला लागले. जिभा विकून तो स्वतःची मोटारबोट घ्यायला पैसे साठवत होता. ज्याच्याकडं जास्त मुंडकी त्याचा वर्गात तोरा. लोफोटेनची माणसं असल्या फोटोंवर चिडत नाहीत, कारण त्यांना ठाऊक आहे की जग त्यांना श्रीमंत समजतं. आपल्याकडं पोरगं सुट्टीच्या दिवशी आईसोबत कापूस वेचायला बसलं तर त्या फोटोचा अर्थ आधीच ठरलेला असतो. कधी तो अर्थ खराही असतो, हेही सांगायला पाहिजे. पोरगं शाळा सोडून वेचायला लागलं असेल तर ते लपवून 'गोड ग्रामीण बालपण' दाखवणं ही दुसरी लबाडी.

आणि आत्महत्या झालेली घरं आहेतच, ताई. तुमच्या तालुक्यात आहेत, माझ्या गावात आहेत. ती दाखवू नका असं मी म्हणणार नाही. पण ज्या घरी मी गेले तिथल्या बाईचं त्या दिवशीचं काम काय होतं? ती बँकेत चकरा मारत होती, सोयाबीनला फवारणी करायला माणूस शोधत होती, पोरीच्या दहावीच्या फॉर्मला फोटो काढून आणत होती. हाराच्या भिंतीखाली ती बसते फक्त कॅमेरेवाला बसवतो म्हणून.

नॉर्वेच्या २०१८च्या कॉपीराइट कायद्यात कलम १०४ आहे. माणसाचा फोटो जाहीरपणे छापायचा तर त्याची परवानगी लागते. बातमी, गर्दी असे काही अपवाद आहेत. मी तिथं कागदावर सही घ्यायची सवय लावून घेतली होती. इथं कागद काढला की माणूस घाबरतो, त्याला वाटतं सातबाऱ्याचं काही आहे. म्हणून आता मी छापील फोटो घेऊन जाते, समोर ठेवते आणि विचारते, हा बाहेर दाखवू काय? काकूनं आतापर्यंत अकरा फोटो फाडायला लावले आहेत. एक ठेवला, ज्यात ती वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादहीच्या पूजेला दहीभात घेऊन उभी आहे आणि डोळे मिटलेले आहेत. मला तो बिलकूल आवडत नाही. मागच्या अंकात पान ३१ वर तोच होता.

कॅमेरा कोणता? लेन्स कोणती?
– एक वाचक, उमरखेड

३५ मिमीची एकच लेन्स, त्यामुळं माणसाच्या जवळ जावंच लागतं. कॅमेऱ्याची कंपनी सांगत नाही, भांडणं होतात. कामाची एक गोष्ट सांगते : उणे पंधरातून घरात शिरताना मी कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करायचे, नाहीतर काचेवर दव धरायचं. जुलैत एसी गाडीतून उतरताना इथंही तसंच होतं. दहा मिनिटं पिशवी उघडू नका. आणि जिनिंगवर जाल तर लेन्स बदलू नका, कापसाचे तंतू आत शिरतात.

मुलाने नॉर्दर्न लाइट्स पाहायला न्यायचं म्हटलं आहे. कधी जावं? दिसतातच का?
– आजोबा, पुसद

सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चअखेरपर्यंत. उन्हाळ्यात रात्रच होत नाही, तेव्हा जाऊ नका. मी सात हिवाळे पर्यटकांना दाखवायला न्यायचे. आमचा निम्मा वेळ ढग नसलेली जागा शोधत गाडी पळवण्यात जायचा. किमान चार-पाच रात्री ठेवा. डोळ्यांना तो फोटोइतका हिरवा दिसत नाही, बरेचदा फिकट राखाडी पट्टा असतो. कॅमेरा आठ-दहा सेकंद उघडा राहतो म्हणून रंग साठतो. हे आधी सांगितलं की माणसं नाराज होत नाहीत, असा माझा अनुभव आहे. १० मे २०२४च्या रात्री तर लडाखमधल्या हानलेहूनही आभाळात लाली टिपली गेली होती, पण त्या भरवशावर तिकीट काढू नका. लोकरीचे पायमोजे दोन जोड न्या आणि बूट एक नंबर मोठे.

तिकडं बरं की इकडं?
– नाव दिलेलं नाही, यवतमाळ

नळाचं पाणी तिकडचं, वांगी इकडची. बाकीचा हिशेब अजून लागला नाही.

ताई, तुम्ही दारव्ह्याच्या. मग तुमच्याकडं शकुंतलेचे जुने फोटो असतील ना? वाफेच्या इंजिनाचे?
– रेल्वेतून निवृत्त, मूर्तिजापूर

काका, एकही नाही.

नव्या वाचकांसाठी : शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि तिथून अचलपूर जाणारी आमची अडीच फुटी रुळांची गाडी. इंग्रज कंपनीनं इथला कापूस बंदरापर्यंत न्यायला टाकलेली लाइन. इंजिन मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं, ते एप्रिल १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. आता तेही नाही, रुळांवर बाभळी उगवल्या आहेत. बहुधा काकूच्या पायातल्या काट्याच्याच भाऊबंद.

ती रोज जायची, म्हणून आम्ही कोणी तिचा फोटो काढला नाही. फोटो लग्नाचा काढायचा असतो, गाडीचा कशाला? ज्यांनी काढले ते बाहेरून येणारे गोरे लोक. मी सहावीत असताना, १९९० असेल, दारव्हा मोतीबाग स्टेशनला असा एक माणूस कॅमेऱ्याचं तिकाटणं लावून उभा होता. मी आणि माझी मैत्रीण बोरं विकायला गेलो होतो. इंजिन पाणी घेत होतं. आम्ही दोघी धावत जाऊन त्याच्यापुढं उभ्या राहिलो, दात काढून. त्यानं कॅमेऱ्यामागून हात हलवला : बाजूला व्हा. आम्ही झालो. त्याला फक्त इंजिन पाहिजे होतं. पुढं ट्रोम्सोत मी पर्यटकांसोबत असताना शेजारची पोरं हमखास मध्ये यायची, आणि मीही त्यांना हातानं तसंच बाजूला करायचे. किती वर्षं करत होते ते आठवलं की अंगावर काटा येतो.

तुमच्याकडं किंवा कोणत्याही वाचकाकडं त्या सुमाराचे मोतीबागचे फोटो आले असतील, कोणा पाहुण्यानं पाठवलेले, पुस्तकात छापलेले, तर मासिकाच्या पत्त्यावर एक प्रत पाठवा. आम्ही त्यात नसू. पण पाण्याच्या टाकीखाली आम्ही बोरांची टोपली ठेवली होती, ती घाईत उचलायची राहिली होती. ती कदाचित आली असेल.